"आमचा काही करत नाही!" : हरसूलच्या रस्त्यावर सुटलेला कुत्रा आणि सुटलेला मालक

जुलैमधला रविवार. वाघेरा घाट उतरून हरसूलकडे येताना रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी आहे, तिथे मी आणि आमचे दोन कार्यकर्ते थांबलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. या दिवसांत नाशिकच्या गाड्या या रस्त्याला रांगेने लागतात, धबधबे बघायला. आजूबाजूच्या खाचरात कमरेत वाकून भातलावणी चाललेली असते, ती फोटोच्या मागच्या बाजूला येते तेवढीच.

एक मोठी पांढरी गाडी थांबली. मागचा दरवाजा उघडला आणि एक दांडगा जर्मन शेफर्ड उडी मारून बाहेर आला. गळ्यात चांगला चामडी पट्टा होता. पट्ट्याला दोरी नव्हती. दोरी गाडीत सीटवर पडली होती, ती मला नंतर दिसली.

रस्त्याच्या पलीकडे बांधावर एक महादेव कोळी समाजाचे म्हातारे बाबा सात-आठ शेळ्या घेऊन उभे होते. त्यांच्या पायाशी त्यांचा काळा गावठी कुत्रा. त्याचेही वय झालेले, तोंडावर पांढरे केस आलेले. शेफर्ड सरळ त्याच्या अंगावर धावला. बाबा ओरडले, "साहेब, धरा त्याला! माझा म्हातारा झालाय, अंगावर आलेलं त्याला चालत नाही."

साहेब गाडीला टेकून हसत म्हणाले, "घाबरू नका काका, आमचा काही करत नाही. खेळायचंय त्याला."

काळा ताठ झाला. एकदा गुरगुरला, पुन्हा गुरगुरला. बाबांनी आपल्याच कुत्र्यावर काठी उगारली, त्याला मागे रेटले. शेफर्डने त्याच्या पाठीवर मान टाकली आणि काळ्याने त्याचा कान धरला. मग जे व्हायचे ते झाले. धूळ नव्हती, चिखल होता, त्या चिखलात दोन्ही कुत्री एकमेकांत गुंतली. बाबांनी आपला कुत्रा ओढायला हात घातला आणि शेफर्डचा दात त्यांच्या मनगटात गेला. हे मी पाहिले, माझ्याबरोबरच्या दोघांनी पाहिले आणि टपरीवाल्या ताईंनीही पाहिले.

कुत्री सुटी झाल्यावर गाडीतली सगळी माणसे शेफर्डच्या कानाभोवती जमली. कोणी रुमाल धरला, कोणी व्हिडिओ काढला. बाबांनी मनगटाला टॉवेल गुंडाळला आणि ते शेळ्या मोजू लागले. त्यांच्याकडे त्या घोळक्यातील एकानेही पाहिले नाही.

पुढे जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहितो. "असला पिसाळलेला कुत्रा मोकळा सोडता कसा?" "चाळीस हजारांचा आहे आमचा, जातिवंत आहे. तुमच्या या गावठीमुळे काय झालं बघा." "आठ हजार काढा, नाहीतर पोलिसांत जाऊ." आणि एका तरुणाने गाडीतून जॅकचा लोखंडी दांडा काढला. म्हणाला, "याला आत्ताच संपवतो, परत कुणाला चावायला नको."

मित्रहो, आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती लपवून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. वीस वर्षे चळवळीत असलेल्या या माणसाच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हे : "बाबा, जाऊ द्या, सॉरी म्हणा, विषय संपवा." मी बाबांनाच म्हणालो. गाडीवाल्याला नव्हे. समोर गाडी होती, इंग्रजी होते, आवाज होता आणि माझ्यासारख्या माणसालाही ज्याने कमी ओरडायचे त्यालाच गप्प करणे सोपे वाटले. टपरीवाल्या ताई पुढे आल्या. "माफी कसली मागायची? आधी त्यांचा हात धुवा," असे म्हणून त्यांनी साबणाची वडी आणि पाण्याची कळशी आणली. आम्हा तिघा शिकलेल्यांच्या आधी त्यांना काय करायचे ते कळले. कुत्रा चावलेली जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटे धुवायची असते. हळद, चुना, मिरची काही लावायचे नसते. त्यांनी तेच केले.

तिथून हा लेख सुरू होतो.

"आमचा काही करत नाही" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक बागेत, प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक टेकडीवर ऐकू येते. ते बोलणाऱ्याला वाटते की तो आपल्या कुत्र्याच्या स्वभावाचे प्रमाणपत्र देतोय. प्रत्यक्षात तो समोरच्याची जबाबदारी ठरवत असतो. माझा चांगला आहे, तेव्हा पुढे जे वाईट होईल ते तुझ्या कुत्र्यामुळे, तुझ्या भीतीमुळे, तुझ्या पोराच्या किंचाळण्यामुळे. एका वाक्यात सगळा हिशेब तुमच्या खात्यावर.

पण दोन कुत्री समोरासमोर येतात तेव्हा काय होते ते जरा समजून घेऊ. अनोळखी कुत्र्याकडे जाताना शहाणा कुत्रा वळसा घेतो, बाजूने जातो, आधी वास घेतो, नजर चुकवतो. समोरून सरळ धावत येणे, पाठीवर मान किंवा पाय टाकणे हे कुत्र्यांच्या भाषेत उद्धटपणाचे आहे. समोरचा ताठ होतो, मग गुरगुरतो, मग दात दाखवतो आणि या तिन्हीचा उपयोग झाला नाही तर चावतो. म्हणजे गुरगुरणे हा इशारा आहे, हल्ला नाही. काळ्याने दोनदा इशारा दिला. त्याच्या मालकाने त्याहून आधी, माणसाच्या भाषेत, मराठीत इशारा दिला. तिन्ही इशारे एकाच माणसाने ऐकायचे होते आणि तो गाडीला टेकून हसत होता. त्यात काळ्याला मागे सरकायला जागा नव्हती. मागे शेळ्या होत्या आणि त्या राखणे हेच त्याचे काम. बांधलेल्या किंवा साखळीत असलेल्या कुत्र्याचेही असेच होते. त्याला पळता येत नाही, म्हणून सुटा कुत्रा अंगावर आला की तो चावतो आणि मग लोक म्हणतात, बघा, बांधून ठेवला तरी चावतोच.

आणि न्याय कसा होतो? जो शेवटी चावला तो गुन्हेगार. जो आधी अंगावर गेला तो निष्पाप, कारण तो "खेळत" होता. हे गणित आपल्या ओळखीचे आहे. आधी काय झाले ते कोणी विचारत नाही, प्रतिक्रिया आली की तिचा पंचनामा होतो. गावच्या वाटेवर, पाणवठ्यावर, वरातीत आधी कोण कुणाच्या अंगावर गेले याची नोंद कुठल्या वहीत सापडते का? सापडते ती एवढीच की "दोन गटांत वाद झाला". इथे मी माणसाची कुत्र्याशी तुलना करत नाही. ती तुलना करणाऱ्यांशी आपला जुना हिशेब आहे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात बाबासाहेब गांधीजींना भेटले तेव्हा त्यांनी हेच सुनावले होते की, जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांहून वाईट वागवले जाते तो देश आम्ही आपला कसा म्हणावा. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता, म्हणून तर २० मार्च १९२७ घडले. मी बोलतोय ते मालकांबद्दल. कुत्रे हे कुत्र्यासारखेच वागते. मालक मात्र समोरचा कोण आहे ते पाहून वागतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या दिवशी कोणी जातीवरून शिवी दिली नाही. मी ते खोटे लिहिणार नाही आणि प्रत्येक भांडणात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे नाव घेणाऱ्यांपैकी मी नाही. पण तोच शेफर्ड नाशिकच्या कॉलेज रोडवर एखाद्या डॉक्टरच्या कुत्र्यावर धावला असता तर तेच साहेब "सॉरी सर, सॉरी सर" करत धावले असते की नाही, एवढेच स्वतःला विचारा.

हे "बघून वागणे" फक्त हरसूलच्या रस्त्यावर नाही. मे २०२२ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमची बातमी आली होती. एका आयएएस अधिकाऱ्याला संध्याकाळी कुत्रा फिरवता यावा म्हणून सराव करणाऱ्या खेळाडूंना सात वाजताच मैदान सोडावे लागते, अशी तक्रार होती. त्या अधिकाऱ्याने आरोप नाकारले, तरी सरकारने त्याची लडाखला आणि त्याच्या अधिकारी पत्नीची अरुणाचलला बदली केली. (लडाख आणि अरुणाचलच्या जनतेने काय गुन्हा केला होता हे मात्र कोणी सांगितले नाही.) मैदान सार्वजनिक, रस्ता सार्वजनिक, पण ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्यासाठी ते त्याचे अंगण होते.

आता कायदा. बाबांना "पोलिसांत जाऊ" म्हणून धमकी दिली गेली, म्हणून पोलिसांत गेल्यावर काय होते ते आपल्या लोकांना माहीत असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सांगते की, आपल्या ताब्यातील प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असेल, तर तो टाळण्याइतकी काळजी जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते, दंड फक्त १००० होता. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार लिहून घ्यावी लागते, "आपसात मिटवा" म्हणून परत पाठवता येत नाही. या कलमात कुत्र्याची किंमत विचारलेली नाही. तो खेळत होता का, हेही विचारलेले नाही. विचारले आहे ते एवढेच : प्राणी कुणाच्या ताब्यात होता आणि त्याने काळजी घेतली का? महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्येही रस्त्यावर जनावर निष्काळजीपणे मोकाट सोडायला आणि कुत्रा कुणाच्या अंगावर घालायला मनाई आहे.

आणि तो लोखंडी दांडा? दुसऱ्याचा प्राणी मारणे, त्याला अपंग करणे हा संहितेच्या कलम ३२५ खालचा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. तिथे कुत्रा चाळीस हजारांचा असावा लागत नाही, फुकटचा गावठी कुत्राही चालतो. म्हणजे त्या घटकेला रस्त्यावर सगळ्यात मोठा गुन्हा करायला जो निघाला होता, तोच पोलिसांची धमकी देत होता. मी हे दोन्ही कलमांचे आकडे त्या तरुणाला सांगितले तेव्हा दांडा गाडीत गेला. आठ हजारांचा विषयही गेला. कलम पाठ असण्याचा एवढा उपयोग होतो, म्हणून लिहितोय. पाठ करा.

मुंबईतील दोन निकाल सांगण्यासारखे आहेत. नेपियन सी रोडवर २०१० मध्ये गाडीत रॉटवायलर होता. समोरचा ज्येष्ठ नागरिक दरवाजा उघडू नका म्हणून सांगत होता, मालकाने उघडला, कुत्रा चावला. २०२३ मध्ये न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीत २०१८ मध्ये एक गृहस्थ आपल्या लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होते. मूल कुत्र्याला घाबरते, जरा थांबा, असे त्यांनी शेजाऱ्याला सांगितले. शेजारी थांबला नाही, हस्की कुत्रा ओढत लिफ्टमध्ये घेऊन आला आणि तो चावला. मे २०२५ मध्ये चार महिने सश्रम कैद आणि ४००० रुपये दंड. दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे. समोरच्याने आधी सांगितले होते. नका उघडू, जरा थांबा. हरसूलच्या बाबांनी सांगितले होते, धरा त्याला. जबाबदारी चाव्याच्या क्षणी सुरू होत नाही. ती सुरू होते ती कोणीतरी "थांबा" म्हणाल्यावर जो थांबत नाही त्या क्षणी. खरे तर त्याच्याही आधी, दोरी सीटवर ठेवून दरवाजा उघडला तेव्हा.

पण याच निकालांची दुसरी बाजूही पाहा. एकाला तेरा वर्षे लागली, दुसऱ्याला सात. फिर्यादी मलबार हिल आणि वरळीचे, लिफ्टमध्ये सीसीटीव्ही. आमच्या बाबांकडे काय आहे? एक टॉवेल, टपरीवाल्या ताईंची साक्ष आणि लावणीचे बुडालेले दिवस. कुत्र्याने कुत्र्याला किंवा शेळीला फाडले तर कायद्याची वाट आणखी अरुंद आहे. कलम २९१ माणसाच्या जिवापुरते बोलते. ३२५ साठी हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. उरतो तो दिवाणी दावा आणि एका करडासाठी दिवाणी दावा लावणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून भरपाई जागच्या जागी झाली पाहिजे. इथे सगळ्यात मोठी चोरी कोणती होते ते सांगतो, कारण ते फार कमी लोकांच्या लक्षात येते. चावा घेतलेला कुत्रा नजरेसमोर असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे डॉक्टर समजू शकतात आणि पुढची लस थांबवण्याचा निर्णय घेऊ शकतात. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की त्यावर उपचार नाही, माणूस मरतोच. म्हणजे मालक कुत्रा घेऊन निघून जातो तेव्हा तो समोरच्याचा आधार घेऊन जातो. कुत्र्याला लस दिली होती का? "हो हो, सगळं झालंय." कार्ड? "घरी आहे." फोन नंबर दिला, एवढे उपकार. मी चौथ्या दिवशी त्या नंबरावर विचारले की कुत्रा बरा आहे ना, लसीच्या कार्डाचा फोटो पाठवा. उत्तर आले, "वकिलाशी बोला." दहाव्या दिवशी फोन उचललाच नाही. चाळीस हजारांचा कुत्रा आणि एक फोटो पाठवता येत नाही!

इकडे बाबांचे काय झाले? रक्त आले होते, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा चावा. त्याला नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन भरावे लागते. त्यासाठी नाशिक गाठावे लागले, पन्नास-साठ किलोमीटर. लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सुई सरकारी दवाखान्यात फुकट असते, जाणे-येणे फुकट नसते आणि लावणीच्या दिवसांत शेतावर न जाणे तर मुळीच फुकट नसते. शेळ्या नातवाने राखल्या, त्याची शाळा बुडाली. हे सगळे एका माणसाच्या "खेळायचंय त्याला" यातून निघालेले बिल आहे.

आता समोरून येणारा प्रश्न घेतो, कारण तो खरा आहे. "तुमच्या गावातली सगळी कुत्री मोकाटच असतात, त्यांचे काय? फक्त नाशिकवाल्यानेच दोरी बांधायची का?"

नाही. गावानेही उत्तर द्यायचे आहे. पाड्यावरचा कुत्रा बांधून ठेवत नाहीत याला कारण आहे. रात्री बिबट्या येतो. बांधलेला कुत्रा म्हणजे त्याचे ताट. सुटा कुत्रा भुंकतो, पळतो, गोठ्याला जाग आणतो. त्याला काम आहे, ठरलेली जागा आहे, त्याच्या परिसरात तो अनोळखी नाही. शहरातला कुत्रा इथे पाहुणा आहे आणि पाहुण्याने दाराबाहेर पाय पुसायचे असतात. पण हे सगळे मान्य करूनही बाबांच्या काळ्याला लस दिलेली नव्हती, हे खरे आहे. मी विचारले तेव्हा त्यांनी मान हलवली. तो आठवडे बाजारात मटणाच्या दुकानाबाहेर इतर कुत्र्यांशी भांडतो तेव्हा जबाबदार कोण? बाबाच. कुत्र्याला भाकरी घालतो तो मालक. "तो असाच येतो, आमचा नाही," हे गावातले "आमचा काही करत नाही" आहे. दोन्ही वाक्यांतून माणूस अंग काढून घेतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन लस टोचून आणणे गरिबाला अशक्य नाही, आणि ते अवघड जात असेल तर पाड्यावर शिबिर आणणे हे आमचे कार्यकर्त्यांचे काम होते. आम्ही जयंतीच्या मिरवणुकीला ध्वनिक्षेपक आणले, लसीचे शिबिर आणले नाही.

आणि आपल्या शहरी वस्त्यांबद्दलही बोलू. नाशिक, कल्याण, पिंपरीच्या आपल्याच वस्त्यांत पोरे आता पिटबुल, रॉटवायलर पाळू लागली आहेत. काटेरी पट्टा, बुलेटच्या मागे कुत्रा, रील. पोराच्या मनात काय आहे ते मला समजते. ज्याला सगळे घाबरवत आले त्याला एकदा तरी कुणाला घाबरवायचे असते. पण तो कुत्रा गल्लीत सुटतो तेव्हा घाबरतात त्या आपल्याच आयाबहिणी, अंगणवाडीत जाणारी आपलीच पोरे. बंगल्यातला माणूस तर गेटच्या आत असतो. बाबासाहेबांच्या घरीही कुत्रा होता. राजगृहावरचा फेब्रुवारी १९३४ चा कौटुंबिक फोटो सगळ्यांनी पाहिला आहे, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्याबरोबर लाडका टॉबी. कुत्रा पाळण्याला कोणाचा विरोध असायचे कारण नाही.

या वादात आणखी एक सापळा आहे. काही घडले की लोक विचारतात, कुठल्या जातीचा कुत्रा होता? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही तेच केले. तेवीस जातींची यादी काढली, त्या धोकादायक, त्यांच्यावर बंदी घाला, असे राज्यांना पत्र पाठवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्र रद्द केले. जर्मन शेफर्ड त्या यादीत नव्हताच, तेव्हा यादी असती तरी बाबांचे मनगट वाचले नसते. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची ही सवय या देशाला जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, पारधी, कैकाडी, अशा कितीतरी जमातींच्या लेकरांवर पाळण्यातच शिक्का मारला. ते शिक्के कागदावरून पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले, मनांवरून अजून पुसलेले नाहीत. जे माणसांबाबत चूक ठरले ते जनावरांबाबत शास्त्र कसे होते? ताकदवान कुत्र्याचा चावा मोठा असतो, हे खरे. म्हणून त्याच्या मालकाची जबाबदारी मोठी. दोरी आखूड, तोंडाला जाळी, शिकवण आधी. यादी मालकांची करा.

सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांवर किती रणधुमाळी झाली ते आपण पाहिले. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचला, २२ ऑगस्टला नसबंदी आणि लस करून होती तिथे सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून हटवा. टीव्हीवर दोन तट पडले, कुत्रेप्रेमी आणि कुत्रेद्वेष्टे. त्या सगळ्या गदारोळात दोरी सीटवर ठेवून दरवाजा उघडणाऱ्या माणसाचे नाव कोणी घेतले नाही. तो दोन्ही तटांत आहे. सकाळी भटक्यांना हटवा म्हणतो, संध्याकाळी आपला बागेत मोकळा सोडतो आणि महागडे पिल्लू मोठे होऊन आजारी पडले की एखाद्या घाटात नेऊन टाकतो. वाघेऱ्याच्या वाटेवर गळ्यात पट्ट्याचा वळ असलेली कुत्री आम्ही पाहिली आहेत. ती काही पाड्यांवर जन्मलेली नव्हती.

मग मागणी काय? आमची मागणी अगदी साधी आहे आणि ती लेखी दिली आहे. हरसूल परिसर अनुसूचित क्षेत्र आहे, इथे पेसा लागू आहे, महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ पासून आहेत. ग्रामसभेने ठराव करावा की, गावाच्या रस्त्यावर, पाणवठ्यावर आणि चराईच्या जागेत बाहेरून आणलेला कुत्रा दोरीशिवाय उतरवायचा नाही. घाटाच्या तोंडाशी तसा फलक लागावा. मालकाने लसीचे कार्ड मोबाइलमध्ये ठेवावे. दुसरा कुत्रा दिसला की आधी आपला जवळ बोलवावा, मग समोरच्याला विचारावे, "चालेल का?" आणि तो नाही म्हणाला तर विषय तिथे संपला. बोलावून येत नसेल तर तो कुत्रा दोरी सोडण्याच्या लायकीचा झालेला नाही. काही घडलेच तर नाव, पत्ता, लसीचे कार्ड आणि उपचाराचा, प्रवासाचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च तिथल्या तिथे. आणि गावाच्या बाजूने, प्रत्येक पाड्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला वर्षातून एकदा लस, कुणाचा कुत्रा कोणता याची ग्रामपंचायतीत नोंद. या दुसऱ्या भागावर ग्रामसभेच्या आधीच दोघेतिघे कुरकुरले. "आता कुत्र्याचीपण नोंद?" हो, कुत्र्याचीपण.

जुंपलेल्या कुत्र्यांमध्ये हात घालू नका, हेही सांगतो. प्रेमापोटी बाबांनी घातला, तुम्हीही घालाल. त्याऐवजी पाणी फेका, घोंगडी टाका. दोन माणसे असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे ओढा. त्यासाठी दुसऱ्या मालकाने गाडीला टेकायचे सोडून पुढे यावे लागते.

काळ्याला मागच्या आठवड्यात लस दिली. त्याच्या खांद्याची जखम भरत आली आहे. बाबांना मी विचारले, तक्रार द्यायची का, मी बरोबर येतो. ते म्हणाले, "दादा, लावणी होऊ द्या." लावणी संपत आली आहे. अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस येत्या रविवारी आहे, तो घेतला की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात जाणार आहोत. टपरीवाल्या ताई साक्षीला येतो म्हणाल्या आहेत. टपरी तेवढा वेळ कोण सांभाळणार, हे मात्र अजून ठरायचे आहे.